राहीबाईंची कपबशी

सातारा,
९ जुलै १९७४

सुवार्ता वन्सं यांस,

दिनाचा आणि तुमच्या दादांचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे ठीक. शमूचं कोयनानगरहून पत्र आलं, पॉवरहाऊसची नोकरी अंगवळणी पडली म्हणतो. आता हे पत्र कशासाठी लिहिते ते ऐका, आणि शाळेच्या वह्या बाजूला ठेवून नीट ऐका.

परवाच्या रविवारी प्रभुभोजन होतं. तुमचे दादा मंडळीचे वडील म्हणून प्याला घेऊन बायकांच्या बाजूला आले. ते जवळ आल्यावर राहीबाईंनी मान खाली घातली आणि प्याला तसाच पुढे जाऊ दिला. होय, आपल्याच राहीबाई, महिला मंडळाच्या अध्यक्ष. ज्यांच्या मुलीशी, करुणेशी, ईस्टरात आपण शमूचं लग्न ठरवलं, त्या.

आपल्या मंडळीत प्याला पुढे जाऊ देण्याचा एकच अर्थ होतो, तो तुम्हाला मी सांगायला नको. मनात कोणाविषयी अढी असेल तर शनिवारच्या तयारीच्या सभेत जाऊन मिटवायची, आणि मिटत नसेल तर प्याल्याला तोंड लावायचं नाही. कोंडीबाने भावाशी विहिरीवरून भांडण झालं तेव्हा वर्षभर प्याला सोडला होता. पण कोंडीबाने भाकरही सोडली होती. या बाईने भाकर घेतली आणि प्याला तेवढा सोडला. अर्धा राग असतो का हो कुठे?

आणखी एक. गाणाऱ्या बायकांत पहिल्या बाकावर बसायच्या, त्या आता शेवटच्या बाकावर दाराशी बसतात. गात तर नाहीतच. माझा संशय असा की अढी माझ्याविषयीच आहे. लग्नात देण्याघेण्याचं काही बोलायचं नाही हे आपलं ठरलं होतं, मग कुठे बिनसलं? तुम्ही दोघी बोर्डिंगातल्या मैत्रिणी. तुम्हाला काही बोलल्या असतील तर कळवा.

तुमची वहिनी,
दिना

---

सांगली,
१६ जुलै १९७४

प्रिय वहिनी,

सलाम. पत्र वाचून आधी हसले. तुम्ही मागच्या नाताळात पाळकसाहेबांच्या बायकोवर केकात अंडी कमी घातल्याचा संशय घेतला होता, तो अजून मिटायचा आहे.

राहीला तुमच्याविषयी अढी असेल असं मला वाटत नाही. प्याल्यातला मनुक्यांचा रस कधी आंबतो, कधी पोटाला सोसत नाही. माणसाला शेवटच्या बाकावर बसावंसं वाटलं तर बसू द्यावं, तिथे वारा छान येतो. माझ्याशी ती काही बोललेली नाही.

लग्नाच्या गोष्टीत हे आणू नका. करुणासारखी मुलगी शोधून सापडायची नाही. दादांना सलाम, आणि शमूला म्हणावं आत्याला दोन ओळी लिही.

सुवार्ता

---

सातारा,
८ ऑगस्ट १९७४

सुवार्ता वन्सं यांस,

सलाम. वाऱ्याचं सांगितलंत ते बरं केलंत. या रविवारी धो धो पाऊस होता, दारातून शिंतोडे आत येत होते, आणि राहीबाई तिथेच बसल्या होत्या. प्याला पुन्हा पुढे गेला.

आता मंडळीची काय तऱ्हा झालीय ते सांगते. राहीबाईंचा राग कोणावर, हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे प्रत्येकीला तो आपल्यावरच आहे असं वाटायला लागलंय. रंगूबाई आपणहून त्यांच्या घरी जाऊन तांब्याचं पातेलं परत देऊन आली. ते तिने करुणेच्या बारशाला नेलं होतं. मनुबाई रडत रडत गेली आणि म्हणाली की पाम संडेला तुमचं गाणं मीच कापायला लावलं. राहीबाईंना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं म्हणे. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, माझ्या मनात काही नाही, तुम्ही जावा. घरात या म्हणून कोणालाही म्हणाल्या नाहीत.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. बुधवारी आमच्या घरी महिला मंडळाची प्रार्थना होती. मी चहा केला. मंडळाच्या पांढऱ्या कपांत ओतला. राहीबाईंनी पिशवीतून स्वतःची कपबशी काढली, निळ्या फुलांची, फडक्यात गुंडाळलेली, आणि म्हणाल्या, मला यात द्या. चहा पिऊन झाल्यावर स्वतःच मोरीत धुतली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

वन्सं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे आजोबा वाईच्या बाजाराला जायचे. हॉटेलाबाहेर खिळ्याला कान तुटलेला कप टांगलेला असायचा, आपल्या लोकांसाठी. स्वतः काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, धुऊन पुन्हा टांगायचा. बाप्तिस्मा झाल्यावर मिशनच्या मडमेच्या घरी सगळ्यांबरोबर एकसारख्या कपात चहा मिळाला, ते आजोबा मरेपर्यंत सांगत. आणि ही बाई आपल्याच मंडळीत, आपल्याच माणसांत, वेगळा कप घेऊन येते? आमच्या कपांना काय झालंय? का आता पॉवरहाऊसवाला जावई मिळणार म्हणून आम्ही खालचे झालो?

प्रभुभोजनाचा मनुक्यांचा रसही आता त्या करत नाहीत, ते काम मंडळाकडे परत दिलंय. आणि आप्पासो म्हणतात की त्या दर महिन्याला सांगलीच्या गाडीत बसतात. तुमच्याकडे तंबू लावून पुन्हा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे लोक आलेत ना, त्यांच्यात चालल्यात असा आप्पासोंचा कयास आहे. आप्पासो मंडळीच्या पंचांतले, उगीच बोलणार नाहीत. तुम्ही सांगलीत आहात, डोळे उघडे ठेवा आणि काय ते कळवा.

दिना

---

सांगली,
२० ऑगस्ट १९७४

प्रिय वहिनी,

सलाम. तंबूवाले लोक जूनमध्येच इथून उठून गेले. राही मला तरी कुठे दिसली नाही. चाचणी परीक्षा चालू आहेत, त्यामुळे मी शाळा आणि घर याशिवाय कुठे जात नाही.

कपाचं वाचून मला वाईट वाटलं. तुमच्या आजोबांची गोष्ट मी तुमच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांकडूनही ऐकलीय, ती विसरण्यासारखी नाही. पण वेगळ्या कपाचा दरवेळी तोच अर्थ असतो असं नाही, एवढंच म्हणते. आपण ज्या गोष्टीने भाजलो ती आपल्याला सगळीकडे दिसते.

आप्पासो पंचांतले असले तरी सांगलीच्या गाडीत कोण बसतं याची नोंद ठेवणं हे काही पंचांचं काम नव्हे. लग्न मोडण्याचं मनातही आणू नका.

सुवार्ता

---

सातारा,
१२ ऑक्टोबर १९७४

सुवार्ताबाई,

सलाम लिहायचा म्हणून लिहिते.

आप्पासो परवा जावयाकडे सांगलीला गेले होते. स्टँडवर मिरजेच्या गाडीत त्यांनी राहीबाईंना पाहिलं. आणि शेजारी कोण बसलं होतं तेही पाहिलं. तुम्ही होतात. तुमच्या मांडीवर त्यांची पिशवी होती. शाळा आणि घर याशिवाय कुठे जात नाही असं तुम्हीच लिहिलं होतंत ना?

मी तुम्हाला नणंद मानलं नाही, बहीण मानलं. शमूला न्हाऊमाखू घातलंत तुम्ही. आणि त्याच्याच लग्नाच्या गोष्टीत तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. त्या तुमच्याकडे येतात, तुम्ही त्यांना कुठेतरी घेऊन जाता, आणि मला लिहिता की वारा छान येतो. कोण कोणाला बनवतंय?

आता माझं ठरलंय. चार महिने प्याला सोडणाऱ्या बाईने महिला मंडळाची अध्यक्ष राहू नये असं मी तुमच्या दादांच्या मार्फत पंचांपुढे मांडणार आहे. आणि नोव्हेंबरात लग्नाची प्रसिद्धी चर्चमध्ये तीन रविवार वाचायची आहे. त्याआधी मी हे लग्न मोडते. ज्या घरात माझ्या माणसांचा कप चालत नाही, त्या घरची मुलगी मला नको. मुलगा एकुलता एक आहे माझा. त्याला मी अशा घरात अडकू देणार नाही.

दिना

---

सांगली,
१६ ऑक्टोबर १९७४

वहिनी,

मी खोटं लिहिलं, हे खरं आहे. मी राहीला शब्द दिलाय आणि तो मोडणार नाही. पंचांपुढे जाण्याआधी एकदा तिच्या घरी जा. एकट्या जा, आप्पासोंना बरोबर नेऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.

सुवार्ता

---

सातारा,
२५ ऑक्टोबर १९७४

सुवार्ता वन्सं,

गेले होते. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, भांडायला गेले होते. करुणा शिवणवर्गाला गेली होती. राहीबाईंनी दार उघडलं आणि नेहमीसारख्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी त्यांना बाजूला सारून आत गेले आणि पाटावर बसले. म्हटलं, विहीण व्हायची आहे, चहा तरी विचारा.

त्यांनी चहा ठेवला. फळीवर घरातले कप एका बाजूला आणि ती निळ्या फुलांची कपबशी दुसऱ्या टोकाला, एकटी, पालथी. मी उठले, ती कपबशी उचलली आणि म्हटलं, मला यात द्या. तुम्हाला आमचे कप चालत नाहीत, बघू आम्हाला तुमचा चालतो का. त्या नको नको म्हणत राहिल्या. मी ऐकते कुठली. मीच गाळणं घेऊन चहा गाळला आणि कप ओठाला लावणार तोच त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. कप भिंतीवर आपटला, चहा माझ्या लुगड्यावर सांडला, तुकडे झाले.

"आवं, त्याला तोंड लावू नगा," त्या ओरडल्या. मग खाली बसल्या आणि हळू बोलल्या. "टीबी हाय मला. छाती खराब हाय. पोरीचं ठरल्यालं मोडंल म्हनून बोलले न्हाई कुनाला. पर प्याल्याला तोंड कसं लावू, दिनाबाई? समदी मंडळी त्यातनं पितीया. ल्हान पोरं बी पित्यात."

वन्सं, माझा हात आपोआप वर गेला आणि पदर नाकाला लागला. मी लावला नाही, तो लागला. त्यांनी ते पाहिलं आणि बसल्या जागेवरून मागे सरकल्या, भिंतीपर्यंत, मला जागा करून देत असल्यासारख्या. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सगळा उलगडा एकदम झाला. भाकर ताटलीतून उचलायची असते, म्हणून भाकर घेतली. गायला श्वास पुरत नव्हता. रस करणं सोडलं, दाराशी बसल्या, कोणाला घरात घेतलं नाही. मी चार महिने त्या बाईचा गर्व मोजत होते, आणि ती आमची पोरं राखत होती.

पण मी देवदूत नाही, हेही लिहिते. घरी आल्यापासून मी दुसराच हिशेब करतेय. करुणा आमच्याकडे किती वेळा जेवली, शमू तिच्याशेजारी किती बसला. टीबी घराण्यात उतरतो असं माझी आई म्हणायची. आईला मुलीची काळजी, मग मला मुलाची नको? त्यांनी लपवलं ते माझ्यापासूनच, आणि तुम्ही त्यांना साथ दिलीत. तुमच्यावरचा राग गेलेला नाही.

तुमच्या दादांना काही सांगितलेलं नाही. पंचांची सभा पुढच्या महिन्यात आहे, आणि माझी तक्रार लिहून दिलेली आहे. काय करू ते कळत नाही.

दिना

---

सांगली,
३० ऑक्टोबर १९७४

प्रिय वहिनी,

आता माझा शब्द सुटला, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

राही मे महिन्यात मला भेटली ती थुंकीतून रक्त पडल्यावर. मिरजेच्या दवाखान्यात मीच तिला नेलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत, अजून वर्षभर तरी घ्यायच्या आहेत. औषधाला ती दर महिन्याला येते आणि माझ्याकडे उतरते. करुणेच्याही छातीचा फोटो त्याच वेळी काढून घेतला, तिची छाती स्वच्छ आहे. गेल्या दोन तपासण्यांत राहीच्या थुंकीत जंतू नाहीत. डॉक्टर म्हणतात की आता तिच्यापासून कोणाला लागण व्हायची नाही, आणि हा रोग रक्तातून उतरत नाही.

पण राहीचा डॉक्टरांवर विश्वास नाही. ते आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतात असं तिला वाटतं. या बाबतीत तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी शोभाल.

तुमच्यापासून लपवलं, कारण तुमची भीती वाटली. हे कडू आहे, पण लिहिते. बाकी कोणापेक्षा तिला तुमचीच जास्त भीती होती. आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः या, राहीबरोबर मिरजेला चला, डॉक्टरांना हवं ते विचारा. मग लग्न मोडायचं तर मोडा, मी एक शब्द बोलणार नाही.

सुवार्ता

---

सातारा,
३ डिसेंबर १९७४

प्रिय सुवार्ता वन्सं,

सलाम, आणि या वेळी मनापासून. मिरजेहून आल्यावर पत्र लिहायला उशीर झाला, कारण इथे बरंच काही घडत होतं. तुमच्या त्या डॉक्टरांना मी एवढे प्रश्न विचारले की शेवटी ते मलाच म्हणाले, बाई, तुमचाही फोटो काढू का? मी काढून घेतला. स्वच्छ आहे. तरी त्यांनी करुणेचा जुना फोटो काचेवर लावून दाखवला तेव्हा तो दुसऱ्या कोणाचा तर नाही ना, म्हणून मी कोपऱ्यातलं नाव वाचून घेतलं. स्वभाव जाता जात नाही.

शमूला सांगणं भाग होतं. तो दिवाळीला आला तेव्हा बसवून सगळं सांगितलं, आणि म्हटलं, आता तुझं तू ठरव. तो मग म्हणाला, "आई, मला ऑगस्टपासनं म्हायती हाय. करुणानंच सांगितलं. तुला सांगू नगं असं मीच म्हनालो."

म्हणजे वन्सं, तुम्हाला माहीत, करुणेला माहीत, माझ्या मुलाला माहीत. घरादारावर नजर ठेवणारी मी, आणि माझ्याच नजरेआड सगळं. त्या रात्री मी फार रडले. रोगाला भिऊन नाही. माझीच माणसं मला रोगापेक्षा जास्त भितात, याचं वाईट वाटलं. सकाळी उठून तुमच्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, तुझी तक्रार कागदावर आहे, तिचं काय करायचं? पंचांच्या सभेत त्यांनी ती परत घेतली. आप्पासोंनी कारण विचारलं. आमच्या मंडळींचा गैरसमज झाला होता, एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून आप्पासो माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात ती मला चांगली ओळखीची आहे. दिनाबाई काहीतरी लपवतात असं ते सगळीकडे सांगत आहेत. आणि या वेळी त्यांचं बरोबर आहे.

मग मी बाजारातून दोन कपबशा आणल्या, निळ्या फुलांच्या मिळाल्या नाहीत, हिरव्या काडीच्या आणल्या. एक राहीबाईंना दिली, माझ्या हातून फुटली म्हणून. दुसरी फडक्यात गुंडाळून बुधवारच्या प्रार्थनेला घेऊन गेले. चहा आला तसा मी पिशवीतून कप काढला. सगळ्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, मंडळाच्या कपांना चिरा पडल्यात, चिरांत घाण राहते, शहाण्या बायका आपला कप आणतात. पुढच्या बुधवारी मनुबाईने आणला, रंगूबाई स्टीलचं फुलपात्र घेऊन आली, आणि आता कोणाचा कप भारी यावर चढाओढ लागलीय. राहीबाईंचा कप त्या सगळ्यांत कुठे आहे ते ओळखूही येत नाही. माझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. मला वाटतं, त्यांना समजलं असतं.

परवाच्या रविवारी तिसरी प्रसिद्धी होती आणि त्याच दिवशी प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी नावं वाचली, शमुवेल नाथाजी आणि करुणा, आणि विचारलं की या विवाहास कोणाची हरकत असेल तर त्याने आता पुढे येऊन सांगावी. सगळ्या मंडळीने वळून माझ्याकडे पाहिलं. आप्पासोंनी तर चष्मा पुसून घातला. आणि मी उठले.

करुणेचा चेहरा पांढराफटक पडला. मी बाकांमधून चालत मागे गेले, शेवटच्या बाकावर राहीबाईंच्या शेजारी, आतल्या बाजूला बसले आणि म्हटलं, "वाचा पुढं, पाळकसाहेब. हिथं वारा बरा हाय."

मग भाकर झाली. प्याला पुरुषांच्या बाजूने फिरून बायकांच्या बाजूला आला, बाकामागून बाक करत मागे आला. तुमच्या दादांच्या हातात होता. मी प्याले. राहीबाईंनी मान खाली घातली आणि त्यांना पुढे जा अशी खूण केली. दादा जागचे हलले नाहीत. जाणार कुठे? पुढे दार होतं.

मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "घ्या विहीणबाई. तुमच्यामागं कुनी न्हाई."

त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, खरंच कोणी नाही ना म्हणून. मग दोन्ही हातांनी प्याला धरला. मीही तो खालून धरला, आणि त्यांनी घोट घेतला. उरलेला रस दादांनी बाहेर बुचाच्या झाडाखाली ओतला आणि प्याला मी घरी नेऊन उकळत्या पाण्यात धुतला. तुमच्या डॉक्टरांवर माझा विश्वास आहे, पण उकळलेलं बरं.

शनिवारी लग्न आहे. आदल्या दिवशीच या. राहीबाई म्हणतात की मंगळाष्टकं झाल्यावरचं गाणं त्या म्हणणार, एक कडवं तरी. आणि वन्सं, येताना तुमची कपबशी घेऊन या. नाहीतर आमच्या मंडळीत तुमच्यावर संशय घेतील.

तुमचीच,
दिना